मुलाला गोळी सुरू करायची का? ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं), बौद्धिक अक्षमता, फिट्स अशा अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांचा आमचा गट ठाण्यात भरतो. वाशी, नेरूळ, ऐरोलीहूनही आईबाबा येतात. थेरपीबद्दल सगळे मोकळेपणाने बोलतात, पण औषधांचा विषय बहुतेक वेळा बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात निघतो. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, एका स्वमग्न मुलाची आई आहे. आमच्या घरी औषधं सुरू झाली आहेत, बदलली आहेत, एक बंदही झालं आहे. डोस किती द्यायचा, हे इथे कुठेही लिहिलेलं नाही. तो मुलाचं वय, वजन आणि तपासण्या बघून डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

ऑटिझम बरा करणारं औषध आहे का?

नाही. बोलणं, नजरेला नजर देणं, इतरांत मिसळणं या ऑटिझमच्या गाभ्याच्या गोष्टींवर सिद्ध झालेलं औषध आज जगात कुठेही नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

ऑटिझमबरोबर येणाऱ्या काही त्रासांवर मात्र औषधं चालतात. टोकाची चिडचिड, स्वतःला मारून घेणं, दुसऱ्यावर धावून जाणं यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये रिस्पेरिडोन आणि २००९ मध्ये अरिपिप्राझोल या औषधांना मान्यता दिली. आपल्याकडचे डॉक्टरही मुख्यतः हीच दोन वापरतात. त्याशिवाय अतिचंचलता, झोप, फिट्स, तीव्र भीती यांची वेगवेगळी औषधं आहेत. हातवारे करणं, गोल फिरणं, वस्तू ओळीत लावणं यासाठी मुळात औषधाची गरज नसते. मुलाला त्यातून शांत वाटत असेल आणि इजा होत नसेल, तर ते तसंच राहू द्यावं असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे. हो म्हणण्याआधी काय विचारू?

ही गोळी नेमकी कशासाठी, हे विचारा. ‘वागणं सुधारेल’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. कुठलं वागणं? दिवसातून किती वेळा? किती कमी झालं म्हणजे गोळी लागू पडली असं धरायचं? ते किती आठवड्यांत दिसायला हवं? आणि नाही दिसलं तर पुढे काय?

मला या सगळ्या पानभर मजकुरात एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच. औषध निदानासाठी दिलं जात नाही, मुलाला आणि घराला जेरीस आणणाऱ्या एखाद्या ठरावीक त्रासासाठी दिलं जातं. त्या त्रासाचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. नाव नसेल तर गोळी उपयोगी पडते आहे की नाही हे कळायला मार्गच उरत नाही, आणि मग ती वर्षानुवर्षं नुसती चालू राहते.

शक्य असेल तर सुरू करण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. आमच्या वहीतली एक ओळ अशी होती: ‘सं. ७.१०, हात चावला, ४ मिनिटं, आधी टीव्ही बंद केला, व्रण उठला.’ वेळ, काय झालं, किती वेळ चाललं, त्याआधी काय घडलं, इजा झाली का. एवढं पुरतं. गोळी सुरू झाल्यावरही हेच लिहीत राहायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच आठवड्यात नवी थेरपी, नवा डाएट, नवी शाळा सुरू करू नका. नाहीतर कशाचा गुण आला ते देवालाही सांगता यायचं नाही.

गोळीआधी आणखी काय तपासून घ्यावं?

दुखणं. न बोलणारं मूल ‘पोट दुखतंय’ म्हणत नाही, डोकं आपटतं. बद्धकोष्ठता, किडलेली दाढ, कानातला संसर्ग, पित्त, मोठ्या मुलींमध्ये पाळीच्या आधीचे दिवस, ही कारणं डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा. ऐकू नीट येतं का, झोपेत घोरतं का, मध्येच टक लावून हरवल्यासारखं होतं का, लोह कमी आहे का, हेही. लोह कमी असलं की काही मुलांची झोप पार बिघडते.

दुसरं म्हणजे आसपास काय बदललंय. घोडबंदर रोडवरच्या एका कुटुंबातला मुलगा रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास कान दाबून किंचाळायचा. गोळी वाढवायची चर्चा सुरू झाली होती. वहीत वेळा एकाखाली एक आल्यावर आईच्या लक्षात आलं की त्याच वेळी खाली सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होते. मोठ्यांना तो आवाज जाणवतही नव्हता. सेक्रेटरींनी मोटरची वेळ बदलून दिली, मूल शाळेत असतानाची. गोळी वाढली नाही. सगळ्यांचं उत्तर इतकं सोपं निघत नाही, पण आधी शोधावं.

कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? आपल्या भागात कुठे?

बालविकासतज्ज्ञ म्हणजे डेव्हलपमेंटल पेडिअ‍ॅट्रिशियन, लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, किंवा फिट्स असतील तर लहान मुलांचे न्यूरोलॉजिस्ट. स्पीच थेरपिस्ट, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक, समुपदेशक यांना औषध लिहिण्याचा अधिकार नाही. चांगला थेरपिस्ट स्वतःच तसं सांगतो.

सरकारी व्यवस्थेत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे आणि त्यातून जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे लहान वयातच अडचण ओळखून उपचार करणारी केंद्रं उभी केली आहेत. ठाणेकरांनी सिव्हिलमध्ये त्याची चौकशी करावी. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीला रुग्णालयं आहेत. वाशीचं पालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आणि ठाणे पालिकेची जिद्द शाळा इथे शिक्षण-प्रशिक्षणाची मदत मिळते, औषधाची नव्हे. गुंतागुंतीचं असेल तर सायनचं लोकमान्य टिळक किंवा परळचं वाडिया. लोकलची गर्दी आणि ओपीडीची रांग मुलाला झेपत नसेल तर पहिल्या भेटीत वही आणि मोबाइलवर काढलेले त्रासाचे व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत पाच मिनिटं गप्प बसलेल्या मुलाकडे बघून डॉक्टरांना घरचं चित्र कळत नाही.

पुढच्या भेटी मात्र शक्यतो घराजवळच्याच डॉक्टरांकडे ठेवा. औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यांत वारंवार दाखवावं लागतं, आणि जिथे जाणं जिवावर येतं तिथल्या तारखा चुकतात.

एडीएचडीच्या गोळीने मूल सुस्त, यंत्रासारखं होतं का?

नीट डोस बसला तर नाही. मेथिलफेनिडेट हे यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध. ते उत्तेजक वर्गातलं आहे, गुंगीचं नाही. मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचं काम वाढतं, लक्ष टिकतं, हातातली गोष्ट पूर्ण होते. साधी गोळी अर्ध्या-एक तासात काम सुरू करते आणि तीन-चार तास टिकते, लांब टिकणारी जवळजवळ शाळेचा दिवस भरून काढते. मूल हसेनासं झालं, बाहुल्यासारखं बसून राहिलं, तर डोस जास्त आहे किंवा औषध मानवत नाही, हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा. ‘शांत झाला, बरं झालं’ म्हणून गप्प राहू नका.

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण आणि वागणुकीवरचं काम, औषध नंतर, असा सर्वसाधारण संकेत आहे. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या मुलांत हे औषध थोडं कमी भरवशाचं आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा साधारण निम्म्या मुलांना गुण आला, आणि चिडचिड वगैरे त्रासही जास्त दिसले. म्हणून सुरुवात अगदी कमी डोसने आणि वाढ हळूहळू.

दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक नाही आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. त्याची कॅप्सूल उघडायची नसते, आतली पूड डोळ्याला झोंबते. मूल अचानक उदास झालं, मरणाच्या गोष्टी बोलू लागलं तर लगेच डॉक्टरांना फोन. अतिचंचलतेसाठी क्लोनिडिन दिलं असेल तर ते एकदम थांबवू नका, रक्तदाब उसळतो.

मेथिलफेनिडेट जवळच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. असं का?

ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या सरकारी यादीतलं औषध आहे. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. बरीच छोटी दुकानं या भानगडीत पडत नाहीत. दुकानदाराने संशयाने बघितलं तर मनाला लावून घेऊ नका, नियमच कडक आहे. डॉक्टरांनाच विचारा की आसपास कुठे मिळतं, आणि दोन दुकानांचे नंबर जवळ ठेवा.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघण्याआधी गोळ्या मोजा. कोकणातल्या तालुक्याच्या गावात हे औषध मिळेल या भरवशावर जाऊ नका. चिठ्ठीची मूळ प्रत आणि मूळ पाकीट बरोबर ठेवा, गोळ्या सुट्या डबीत भरून नेऊ नका.

गोळी सुरू झाल्यापासून डबा तसाच परत येतो. काय करू?

मेथिलफेनिडेटने दुपारची भूक मरते, हा सगळ्यात नेहमीचा त्रास. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता द्या: थालीपीठ, लोणी, अंडं, जे मूल खातं ते. डबा लहान ठेवा आणि परत आला तर त्यावरून बोलू नका. संध्याकाळी गोळी उतरली की भूक येते, तेव्हा खरं जेवण. रात्री झोपताना पुन्हा काही मागितलं तर द्यावं.

दर तीन महिन्यांनी वजन-उंची मोजून तक्त्यावर मांडायला सांगा, नाडी आणि रक्तदाबही बघायला सांगा. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून हा तक्ता महत्त्वाचा. घरात कुणाला तरुणपणी हृदयाचा त्रास किंवा अचानक मृत्यू झाला असेल, मूल खेळताना भोवळ येऊन पडलं असेल, तर ते सुरू करण्याआधीच सांगा.

रिस्पेरिडोनने वजन वाढतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि हलक्यात घेण्यासारखं नाही. २००२ च्या मोठ्या चाचणीत १०१ स्वमग्न मुलं होती. आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांच्या चिडचिडीत चांगला फरक पडला, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के. फरक एवढा ठळक होता. पण त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ किलो. हे दोन्ही आकडे एकत्रच लक्षात ठेवावेत.

भूक अशी लागते की मूल रात्री उठून फ्रिज उघडतं. त्याला ‘खादाड’ म्हणू नका, ती भूक औषधाची आहे. सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्ट्रॉल तपासून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं. बिस्किटं, फरसाण, वेफर्स घरात आणणंच थांबवावं लागतं, आणि ते घरातल्या सगळ्यांसाठी. एकट्या मुलाला नाही म्हणून चालत नाही.

प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढून मुलाच्या छातीला सूज येऊ शकते, मुलींची पाळी अनियमित होऊ शकते. लाज न बाळगता सांगा. हात थरथरणं, चालणं अकडणं, लाळ गळणं, सतत येरझाऱ्या घालणं दिसलं तरीही सांगा. अरिपिप्राझोलने प्रोलॅक्टिन सहसा वाढत नाही, वजन मात्र त्यानेही काही मुलांचं वाढतं.

मान किंवा डोळे अचानक एका बाजूला वळून अडकले, किंवा जोराचा ताप, अंग कडक आणि मूल भ्रमात, असं झालं तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्यायचं, औषधाचं पाकीट हातात घेऊन.

फिट्सचं औषध वागणं बिघडवतं का?

काही बिघडवतात. लेव्हेटिरासिटामने काही मुलं कमालीची चिडकी होतात. औषध सुरू झालं आणि दोन-तीन आठवड्यांत वागणं पालटलं, तर न्यूरोलॉजिस्टना तारखेसकट सांगा. पर्याय असतात. नाहीतर त्या चिडचिडीवर दुसरीकडे आणखी एक गोळी सुरू होते.

व्हॅल्प्रोएट हे जुनं, गुणकारी औषध, पण त्यात यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि वयात येणाऱ्या मुलींसाठी त्याचा पुन्हा विचार करावा लागतो, कारण पुढे गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात. मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे म्हणून हा प्रश्न तिला लागू नाही असं धरू नका.

फिटचं कुठलंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही, एक दिवसही नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन करा. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवायचा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि ठेवायचा असेल तर घरातल्या प्रत्येकाला तो वापरायला शिकवा.

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. झोपेची गोळी द्यावी का?

आधी घोरणं, लोह, संध्याकाळचा चहा-चॉकलेट, झोपण्यापूर्वीचा मोबाइल आणि दुपारी शाळेच्या व्हॅनमधली झोप बघा. एवढं करूनही जमत नसेल तर मेलाटोनिन हा स्वमग्न मुलांत बऱ्यापैकी अभ्यासलेला आणि बहुतेकांना मानवणारा उपाय आहे. तोही डॉक्टरांना विचारूनच. सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप झोपेसाठी देऊ नका. काही मुलं त्याने उलट जास्त उधळतात.

गोळी गिळतच नाही. कुटून दिली तर?

आधी मेडिकलमध्ये किंवा डॉक्टरांना विचारा. लांब टिकणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. रिस्पेरिडोन द्रवरूपात मिळतं, मोजायच्या सिरिंजने देता येतं. पाणी किंवा दुधातून चालतं, पण चहा आणि कोलात मिसळायचं नाही, त्यांच्याशी ते जुळत नाही. आपल्याकडे मुलांना चहाची सवय असते म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

एक कळकळीची विनंती. मूल खातं असे दोन-तीनच पदार्थ असतील, तर त्यात चोरून औषध घालू नका. कडू लागलं की मूल तो दहीभातही कायमचा सोडतं. त्यापेक्षा वेगळा चमचा, वेगळी वाटी, रोज तीच जागा, आणि जमेल तिथे चित्र दाखवून ‘आधी औषध, मग झोका’. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

औषध सुरू केलं तर थेरपी थांबवायची का?

थांबवू नका. १९९९ मध्ये अमेरिकेत एडीएचडी असलेल्या ५७९ मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्ष आणि चंचलता यांवर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध सर्वांत चांगलं ठरलं. पण औषध आणि वागणुकीवरचं काम दोन्ही मिळालेल्या मुलांना कमी डोस पुरला, आणि मैत्री, पालकांशी नातं अशा बाबतीत त्यांचं जास्त चांगलं झालं. औषधाने मूल खुर्चीत बसेल, पण बसल्यावर काय करायचं हे कुणीतरी शिकवावंच लागतं.

शाळा म्हणते, गोळी सुरू करा नाहीतर मुलाला पाठवू नका.

असं म्हणण्याचा शाळेला अधिकार नाही. काय दिसतं ते शाळेने लिहून द्यावं. औषध हवं की नको, हे डॉक्टर आणि पालक ठरवतील. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांना मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. तुमचं म्हणणं तोंडी नको, अर्जावर द्या आणि पोच घ्या. या बाबतीत मला खूप राग येतो, कारण फी भरूनही आईबापांना दर आठवड्याला ऑफिसात बोलावून अपमान केलेला मी पाहिला आहे, आणि त्या दडपणाखाली सुरू केलेली गोळी कशासाठी आहे हे शेवटपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

औषध चालू असेल तर वर्गशिक्षिकेला सांगावं का? मला वाटतं सांगावं. तहान, सुस्ती, डबा न खाणं त्यांनाच दिसतं. फक्त सगळ्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पोचणार नाही एवढा विश्वास असायला हवा.

सासूबाई म्हणतात, ‘ही वेड्यांची औषधं, माझ्या नातवाला नकोत.’

आपल्या गावाचं नावच मराठीत ‘ठाण्याला पाठवा’ म्हणून चेष्टेत वापरलं गेलं आहे. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय इथे आहे. त्या पिढीने हा शिक्का जवळून पाहिला आहे, त्यांची भीती पोकळ नाही. वाद घालण्यापेक्षा पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. ‘आजी, तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा’ असं डॉक्टर म्हणाले की निम्मं ओझं उतरतं. दिवसभर मूल आजीकडेच असेल तर वहीही त्यांच्याच हाती द्या. आमच्या गटात सगळ्यात नेमक्या नोंदी एका आजींच्या आहेत.

आणि घरात एकमत होण्याआधी लपूनछपून गोळी सुरू करू नका. एकाने द्यायची आणि दुसऱ्याने टाकून द्यायची, यात हाल मुलाचे होतात.

सवय लागेल का? जन्मभर घ्यावी लागेल का?

डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथिलफेनिडेट घेणाऱ्या मुलांना व्यसन लागतं असं दिसलेलं नाही. गोळ्या कुलपात ठेवायच्या त्या घरातल्या किंवा बाहेरच्या कुणी गैरवापर करू नये म्हणून. जन्मभराचं म्हणाल तर काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, काहींना बरीच जास्त. दर सहा महिन्यांनी तरी ‘अजून लागते आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा, वही उघडून. कमी करायचं ठरलं तर हळूहळू, आणि वेळ बघून. जूनमध्ये शाळा सुरू होताना, परीक्षेच्या महिन्यात किंवा घर बदलताना नको.

सुवर्णप्राशन, वेखंड, होमिओपॅथी, ग्लूटेनबंद डाएट, स्टेम सेल?

सगळे एका माळेत ओवू नयेत, म्हणून वेगवेगळं लिहिते.

पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन देणारी घरं आपल्याकडे खूप आहेत. त्याने ऑटिझम जातो याला पुरावा नाही. देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि त्यात मध असतो म्हणून एक वर्षाखालच्या बाळाला नकोच. बोलावं म्हणून वेखंड उगाळून चाटवणं, जडीबुटीच्या अनामिक पुड्या, यांतला प्रत्येक पदार्थ फिट्सच्या किंवा दुसऱ्या औषधाशी भिडू शकतो. काय आहे ते लिहिलेलंच नसेल तर देऊ नये. ग्लूटेन आणि दूध बंद करण्याचा ठोस फायदा दिसलेला नाही, आणि आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाचं पोषण त्यात आणखी घटतं.

सध्या सगळ्यात जास्त विचारलं जातं ते ल्युकोव्होरिन, म्हणजे फॉलिनिक आम्ल. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून त्याची घोषणा झाली आणि व्हॉट्सअ‍ॅप भरून वाहू लागलं. मेंदूत फोलेट कमी पोचण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, त्यासंबंधी ती घोषणा होती. सरसकट सगळ्या स्वमग्न मुलांसाठी पुरावा अजून तोकडा आहे. विचारा जरूर, स्वतःहून सुरू करू नका.

पाश्चात्य देशांतही अशी लाट येते. १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन नावाच्या इंजेक्शनने स्वमग्न मुलं बोलू लागली अशी बातमी पसरली. १९९९ मध्ये नीट चाचणी झाली तेव्हा सिक्रेटिन घेतलेली मुलं आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेली मुलं सारखीच सुधारलेली दिसली. तरीही त्यातल्या बहुतेक पालकांना ते इंजेक्शन हवंच होतं. मी त्या पालकांना दोष देत नाही. आशेने बघितलं की सुधारणा दिसतेच, म्हणून तर वही हवी.

शरीरातले जड धातू काढतो म्हणणारं चिलेशन मात्र जिवावर बेतू शकतं. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा त्यातून दगावला. स्टेम सेलच्या जाहिराती आपल्याही मोबाइलवर येतात आणि खर्च लाखांत असतो. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमसाठी अशा उपचाराला मान्यता नाही, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये तो करण्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. दागिने मोडून, घर गहाण ठेवून हे करू नका. तेच पैसे वर्षानुवर्षांच्या ओटी आणि स्पीचला पुरतात.

खर्च कसा भागवायचा?

रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट ही औषधं जेनेरिकमध्ये स्वस्त पडतात, जनऔषधी केंद्रात विचारा. ब्रँड बदलायचा असेल, विशेषतः फिट्सच्या औषधाचा, तर डॉक्टरांना कळवून. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्यविमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते आणि त्यात ओपीडीचा खर्चही बसतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढून ठेवा. आयकरात जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

आणि पालकांचाच धीर सुटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही चालतो. मराठीत बोलता येतं.

मूल अठराचं झाल्यावर काय?

बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागतं. सतराव्या वर्षीच सुरुवात करा. आजवरची सगळी औषधं, कधी सुरू, कधी बंद, का बंद, कशाने काय त्रास झाला, हे एका पानावर मांडून जुन्या डॉक्टरांची सही घ्या. नवे डॉक्टर जाडजूड फाइल वाचत नाहीत, ते एक पान वाचतात. अठरा पूर्ण झालेल्या, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्व घ्यावं लागतं. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. ऐरोली ते बेलापूरपर्यंतचे नवी मुंबईकर ठाणे जिल्ह्यात येतात, खारघर, कामोठे, पनवेलचे रायगडात, म्हणून त्यांची समिती अलिबागला.